राधानगरी-पन्हाळ्याच्या रानात इथलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळं कोल्हापुरात नवीन आलोय, रविवारी राधानगरी, मसाई पठार, गगनबावडा असं फिरतो. मोबाइलवरचं ॲप एकाच झुडपाला तीन वेळा तीन नावं देतं. मूळची झाडं कुठली आणि बाहेरून आलेली कुठली, हे साध्या माणसानं कसं ओळखायचं?

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. उद्यमनगरात लेथवर पंचवीस वर्षं गेली. रविवारी मात्र घरात थांबत नाही. त्यामुळं सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि ठेचा खाऊन शिकलेलं जास्त.

उलट्या बाजूनं सुरुवात करा. आपल्या जिल्ह्यात मूळच्या वनस्पती हजारावर आहेत, त्या पाठ करायला बसलात तर पहिल्याच पावसाळ्यात नाद सोडाल. बाहेरून आलेल्या, कुणी न लावता रानात पसरलेल्या आणि वाटेवर हटकून भेटणाऱ्या मात्र दहा-बाराच आहेत. त्या पक्क्या करा. अंधारात वासावरून ओळखता आल्या पाहिजेत इतक्या पक्क्या. मग उरतं त्यातलं बहुतेक इथलंच असतं.

दुसरं, फूल सगळ्यात शेवटी बघा. यावर माझी एक फजिती सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गगनबावड्याच्या रस्त्यानं येत होतो. कडेला पिवळीधमक फुलं, अर्धी सुकून बी धरलेली. मला वाटलं सोनकी. मूठभर बी खिशात घातलं आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचा बांध आहे तिथं टाकलं. आईला म्हटलं, पुढच्या दसऱ्याला बांध पिवळा होतोय का नाही बघ. झाला की! पण छातीएवढा उंच, केशरट पिवळा, आणि बांध सोडून निम्मा उसाच्या सरीत. शेजारचे तात्या म्हणाले, "ह्ये काय लावून ठेवलंस रं?" पुढं एका निसर्गफेरीत विद्यापीठातल्या एका सरांना फोटो दाखवला. त्यांनी फुलाकडं बघितलंसुद्धा नाही. पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, कॉसमॉस.

फरक एकदा कळला की पुन्हा चुकत नाही. सोनकी आपल्या सह्याद्रीची, गुडघ्याएवढी, पान एकसंध आणि कडेला दाते असलेलं. कॉसमॉस मेक्सिकोकडचा, बागेतून निसटून रस्त्याकडेला आलेला. त्याचं पान झेंडूसारखं पार चिरलेलं. फूलही मोठं, आठ रुंद पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला कात्रीनं कापल्यासारखे दाते. सगळ्यात मोठी खूण बी. सोनकीच्या बीला पांढरी म्हातारी असते, फुंकर मारली की उडून जाते. कॉसमॉसचं बी काळपट, सुईसारखं लांब, टोकाला काटे, आणि पायमोज्यात जाऊन बसतं. माझ्या तर ते बी हातात होतं, बोटाला टोचलंही होतं. तरी कळलं नाही, कारण डोळे फुलावर होते.

आता रानमोडी. राधानगरीत, आजऱ्यात, चंदगडात, जिथं झाडी तुटून ऊन जमिनीवर पडतंय तिथं ही असणारच. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं. पान त्रिकोणी, समोरासमोर जोडीनं लागलेलं. पान उलटं करून उजेडावर धरा. देठाजवळून तीन ठळक शिरा निघतात, अगदी त्रिशूळ. चुरगाळलं की उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही. थंडीत शेंड्याला फिक्या जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुपके येतात, नंतर कापसासारखं बी वाऱ्यावर. जनावर तोंड लावत नाही. उन्हाळ्यात काड्या वाळून कोळ झाल्या की वणव्याला आयतं सरपण मिळतं.

हिची गल्लत नवखी माणसं कारवीशी करतात, कारण दोन्ही डोक्याएवढ्या गच्च वाढतात आणि दोन्हींची पानं समोरासमोर. कारवीचं पान मोठं, मधल्या शिरेपासून दोन्ही अंगांना एकापाठोपाठ एक समांतर शिरा, त्रिशूळ नाही. काठी कडक, पेराशी सुजल्यासारखी. याच काठ्यांचे कूड घालून घरं उभी राहायची. फुलासाठी थांबायचं म्हटलं तर सात-आठ वर्षं वाट बघावी लागेल, म्हणून पानच बघा.

घाणेरी तुम्हाला बहुधा माहीत असेल. काही जण टणटणी म्हणतात. खोड चौकोनी, त्यावर बारीक उलटे काटे, पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं. शोभेचं म्हणून इंग्रजांच्या काळात आलेलं. त्यावर फुलपाखरं झुंबडीनं येतात म्हणून ते इथलं समजू नका. मध कुणाचाही चालतो त्यांना.

गाजर गवत, म्हणजे काँग्रेस, फुलावर आलं की शेंबडं पोरही ओळखतं. पण कोवळं असताना ते जमिनीलगत गोल पसरलेलं असतं आणि तेव्हा फसवतं. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, तो बघितलाय का? पान थोडं तसंच चिरलेलं. पण दवणा राखाडी-चंदेरी आणि सुगंधी, काँग्रेस हिरवं आणि त्याला ना सुगंध ना काही. हे उघड्या हातानं उपटू नका, अंगाला खाज सुटते, कुणाकुणाला दमाही होतो. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि पुढं देशभर पसरलं. ते खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ मध्ये बेंगळुरूला मुद्दाम सोडले. पावसाळ्यात पानांची चाळण झालेलं काँग्रेस दिसलं तर ते त्यांचंच काम असतं.

बाकीच्यांची नुसती नावं सांगतो, एकेक करून बघून घ्या: एकदांडी, रानतुळस, ओसाडी, पिवळा धोतरा, ओढ्याकडेचं बेशरम, आणि पाण्यात जलपर्णी. हे सगळं अमेरिका खंडातलं. एकदांडीबद्दल ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. लहानपणी गुडघा फुटला की तिचाच पाला चोळून लावलेला असतो, त्यामुळं ती परकी वाटतच नाही.

नावावर तर अजिबात जाऊ नका. सीताफळ नाव सीतेचं, पण मूळ अमेरिकेचं. चिंच आपल्या प्रत्येक गावच्या वेशीवर, पण मूळची आफ्रिकेची. आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ओल्या कातळात दोन बोटं उंच निळी-जांभळी फुलं येतात ती सीतेची आसवं, ती मात्र अस्सल इथली. तसं तांबड्या रश्शातली मिरचीही पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणून काय आपण रस्सा सोडला? बाहेरून आलेलं सगळंच वाईट नसतं. मिरचीला कोणी पेरलं नाही, पाणी घातलं नाही तर ती रान बळकावत नाही. रानमोडीला कुणाचीच गरज लागत नाही. तुम्हाला जे ओळखायचंय ते हे दुसऱ्या जातीचं. त्याला आक्रमक म्हणतात.

तिसरी गोष्ट, झाड कुठं उभं आहे ते बघा. आमच्याकडं लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, हातात घेण्याआधी तो मशिनवर कसा पकडलाय ते बघतात, तसंच. रस्त्याची कड, खोदलेली माती, पडीक शेत, गाड्या लावायची जागा, इथं पाहुण्यांची गर्दी. तीच वाट सोडून आत अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या सावलीत शिरलात की ती एकदम विरळ होते. मसाई पठारासारखा उघडा जांभ्या कातळ असेल तर आणखी वेगळं. माती बोटभर, पावसात पाणी, उन्हाळ्यात तवा. तिथं गेंद, सीतेची आसवं अशी तिथलीच मंडळी टिकतात. पण त्याच पठारावर जिथं गाडीची चाकं फिरलीत किंवा मुरूम आणून टाकलाय, तिथं वाकून बघा. काँग्रेस आणि एकदांडी हजर असतात.

दाजीपूरकडच्या धनगरवाड्यावरचे एक आजोबा मला म्हणाले होते, ज्याला शेळी हुंगून सोडती ते आधी बघ. युक्ती चांगली आहे, पण पुरी नाही. निर्गुडी अस्सल आपली, तरी जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणून तर ती बांधाला लावतात. शेळीचा कौल एक पुरावा धरा, निकाल नको.

मोठ्या झाडांत काम सोपं. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ हे सगळे बाहेरचे आणि बहुतेक माणसानं लावलेले. रांगेत, एका वयाचे दिसले की शंका घ्या. गिरिपुष्प उन्हाळ्याच्या तोंडाला गुलाबी फुलतं आणि लोक फोटोसाठी गाड्या थांबवतात. त्याला उंदीरमारी म्हणतात हे सांगितलं की फोटोचा उत्साह जरा कमी होतो.

आता ॲपचं. ॲप चुकतं कारण आपण त्याला नुसतं फूल दाखवतो. चार फोटो काढा: अख्खं झुडूप आजूबाजूच्या जागेसकट, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक ते, पानाची खालची बाजू, आणि शेवटी फूल किंवा बी. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर ठिकाणासकट टाका, तिथं जाणकार माणसं बघून दुरुस्त करतात. मशिनच्या उत्तरावर थांबू नका. इंग्रजी चालत असेल तर यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याचा फ्लोरा, म्हणजे इथल्या वनस्पतींच्या नोंदींचा ग्रंथ आहे, शिवाजी विद्यापीठानं २००२ साली काढलेला. जड ग्रंथ आहे, वाचायचा नाही, शंका आली की उघडायचा. विद्यापीठातली वनस्पती बागही बघा. कंदीलपुष्प, म्हणजे आपल्याकडची खरपुडी, रानात शोधून सापडणार नाही, ती तिथं जवळून बघायला मिळते.

एक सांभाळा. राधानगरी अभयारण्य आहे, आत पानसुद्धा तोडायचं नाही. वास घ्यायचा, चुरगाळून बघायचं ते सगळं गावाच्या रस्त्याकडेला करा. रानमोडी तिथं हवी तेवढी आहे.

सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. सोनकी तेव्हा सड्यावर असते आणि कॉसमॉस खाली रस्त्याला, दोन्ही एकाच दिवशी बघून होतील. आणि कुठलंही बी खिशात घालू नका. आमच्या बांधावर अजून दरवर्षी पाच-दहा कॉसमॉस उगवतात, आणि आई ते उपटायला मलाच पाठवते.