टेपवर काय आहे?

पोरी,

तुझी वही दोन रात्री बसून वाचली. नोकरी सांभाळून वर्षभरात बीटल्स या इंग्रज बँडच्या बासष्ट गाण्यांच्या नोंदी केल्यास. तारखा, कोण गायलं, कुणी लिहिलं, सगळं टापटीप. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिलीने लिहिलंयस, "काका, पुढे सरकतच नाहीये. कोणत्या क्रमाने लावू? एकाच गाण्याची तीन-तीन रूपं निघतात, खरं कोणतं धरू? अर्थ किती सांगू?" आणि त्याखाली बारीक अक्षरात, "मराठीत हे वाचणार तरी कोण?"

शेवटच्या प्रश्नाकडे नंतर येतो. पहिल्या तिन्हींना माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते पत्रभर पुन्हा पुन्हा येणार आहे. टेपवर काय आहे? नोंद लिहायला बसलीस की आधी हे विचार. उत्तर कानाने मिळेपर्यंत पेन उचलू नकोस.

तुझी 'एलिनॉर रिग्बी'ची नोंद बघ. एकटेपणा, चर्च, इंग्लंडमधली म्हातारी माणसं, दीड पान झालंय. वाजतंय काय, याची एक ओळ नाही. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं, कारण या गाण्यापाशी मी स्वतः पडलो आहे. सव्वीस वर्षांचा होतो. एका लहानशा मासिकात बीटल्सच्या गाण्यांवर दर महिन्याला लिहायचो. 'एलिनॉर रिग्बी'बद्दल मी लिहिलं की पॉलची गिटार त्या उदास शब्दांना हळुवार साथ करते. महिन्याभराने मिरजेहून एक पोस्टकार्ड आलं, व्हायोलिन शिकवणाऱ्या एका गृहस्थांचं. त्यांनी लिहिलं होतं, "रेकॉर्ड तीन वेळा लावली. गिटार सापडली नाही. कुठे आहे, कळवावे."

गिटार नाहीच. चार व्हायोलिनं, दोन व्हायोला, दोन चेलो, एवढीच आठ वाद्यं. २८ एप्रिल १९६६ला ती ध्वनिमुद्रित झाली. चौघा बीटल्सपैकी, म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांच्यापैकी, एकानेही त्यात वाद्य वाजवलेलं नाही, फक्त आवाज दिलेत. मायक्रोफोन वाद्यांच्या इतके जवळ नेले होते की वादक अस्वस्थ झाले होते, आणि म्हणूनच गजाचा प्रत्येक फटकारा कोरडा, अंगावर आल्यासारखा ऐकू येतो. गाण्यातला एकटेपणा त्या फटकाऱ्यात आहे. त्या गृहस्थांना मी उत्तर पाठवलं नाही. लाज वाटली आणि दिवस गेले. ते गेल्याचं पुढे कळलं. पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

तेव्हा मी चिडून लिहीन तिथे समजून घे. तू आळशी आहेस असं मला मुळीच वाटत नाही. तू वाचून लिहितेयस, आणि वाचून लिहिलेलं मला वासावरून कळतं.

आता क्रम. तू अल्बमच्या क्रमाने लावलंयस, कारण लोक अल्बम ऐकतात. अगं, अल्बमचा क्रम म्हणजे पंगतीत वाढलेलं ताट. तू स्वयंपाकघराबद्दल लिहायला निघाली आहेस ना? 'टुमॉरो नेव्हर नोज' हे 'रिव्हॉल्वर'चं शेवटचं गाणं. अल्बमच्या क्रमाने वाचणाऱ्याला वाटणार, चढत चढत हे लोक शेवटी तिथे पोचले. प्रत्यक्षात ६ एप्रिल १९६६ला त्या अल्बमचं काम सुरू झालं तेच या गाण्याने. खाली एक सूर तानपुऱ्यासारखा धरलेला, गाणं त्या षड्जाला सोडायलाच तयार नाही. वर टेपचे तुकडे गोल जोडून फिरवलेले, आणि शेवटाकडे लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. अगदी सुरुवातीलाच हे! त्यानंतरची सगळी गाणी त्या सुरुवातीच्या सावलीत झाली आहेत. अल्बमचा क्रम हे झाकून टाकतो.

आणि १४ जून १९६५. त्या एका दिवसात पॉल मॅकार्टनीने तीन गाणी मुद्रित केली. 'आय'व्ह जस्ट सीन अ फेस' हे धावतं गाणं. मग 'आय'म डाउन', घसा फाटेस्तोवर ओरडलेलं. आणि मग त्याच घशाने, एकट्याने गिटार घेऊन, 'येस्टर्डे'. त्यातली तंतुवाद्यं तीन दिवसांनी आली. तुझ्या वहीत 'येस्टर्डे' 'हेल्प!'च्या पानावर आहे आणि 'आय'म डाउन' शेवटी 'इतर' म्हणून ढकललंयस. कारण ते अल्बमवर नव्हतं, सिंगलच्या, म्हणजे दोनच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला होतं. तिन्ही एका पानावर आण. मग 'येस्टर्डे' पुन्हा ऐक आणि तो आवाज इतका मऊ कसा राहिला, ते शोध. सापडेल ते लिही.

क्रम ध्वनिमुद्रणाचाच. 'लेट इट बी' अल्बम १९७०चा आणि 'अ‍ॅबी रोड' १९६९चा, पण पहिल्यातलं बहुतेक काम जानेवारी १९६९मध्येच झालं होतं. अमेरिकेतले अल्बम वेगळ्याच गाण्यांची जुळवाजुळव करून काढलेले, त्यांच्यासाठी शेवटी एक तक्ता पुरे.

खरं रूप कोणतं, हा तुझा दुसरा प्रश्न. 'लव्ह मी डू' घे. जून १९६२च्या चाचणीत ड्रमवर रिंगोच्या आधीचा ड्रमर पीट बेस्ट. ४ सप्टेंबरला रिंगो. ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट नावाचा बाहेरून बोलावलेला वादक ड्रमवर बसला आणि रिंगोच्या हातात खंजिरीसारखं टॅम्बुरिन दिलं. ऑक्टोबरमध्ये सिंगल निघाली ती रिंगोच्या ड्रमची. पुढच्या वर्षी अल्बमवर घेतलं ते अँडी व्हाइटचं. ओळखायचं कसं? टॅम्बुरिन वाजतंय का ते ऐक. बस. तुझ्या नोंदीत "ड्रम: रिंगो" असं लिहून पुढे अल्बमचं नाव दिलंयस. म्हणजे तू ऐकलं नाहीस. एवढं साधं, छमछम वाजणारं टॅम्बुरिन! खरं-खोटं ठरवत बसू नकोस. तीन टेपा म्हणजे तीन नोंदी.

मोनो (सगळा आवाज एकत्र) आणि स्टीरिओ (डावा-उजवा वेगळा) यांचंही तसंच. 'सार्जंट पेपर' अल्बमच्या मोनो मिक्सवर चौघांचं लक्ष होतं, स्टीरिओ मागाहून घाईत उरकलं गेलं. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जास्त वेगाने चालतं, त्यामुळे सूरही चढा आहे. एकामागून एक लाव, पहिल्या दोन सेकंदांत कळेल. 'हेल्टर स्केल्टर'च्या स्टीरिओत गाणं विझून पुन्हा पेटतं आणि शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडतो. मोनोत ते ओरडणं नाहीच. आता तू त्या ओरडण्यावर परिच्छेदभर लिहिलंस आणि वाचणाऱ्याच्या घरी मोनो असलं, तर त्याने काय करायचं? मिरजेला पोस्टकार्ड टाकायचं?

आता अर्थ. इथे माझा धीर सुटतो, आधीच सांगून ठेवतो. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'वर तू तीन पानं लिहिलीस. लिव्हरपूलमधलं ते अनाथालय, लेननचं बालपण, मावशी. चुकीचं काही नाही, पण ते शंभर ठिकाणी आहे. टेपवर काय आहे? टेपवर एक सांधा आहे. लेननला एका टेकची, म्हणजे एका वेळी वाजवून घेतलेल्या मुद्रणाची, सुरुवात आवडली होती आणि दुसऱ्याचा पुढचा भाग. दोन्हींचा सूर वेगळा, लय वेगळी. दोन्ही जोडून द्या, असं त्याने निर्माता जॉर्ज मार्टिनला सांगितलं. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून सूर जुळवला आणि कात्रीने जोड दिला. सुरुवातीचा तुकडा सातव्या टेकचा, पुढचा सव्विसाव्या टेकचा. साधारण साठाव्या सेकंदाला, एका ओळीच्या मधोमध, आवाज जरा जड होतो, जिभेवर झोप उतरल्यासारखा. मग चेलो आणि ट्रंपेट आत येतात. त्या सांध्यावर तुझ्या वहीत एक शब्द नाही.

मला तो ऐकू यायला अकरा वर्षं लागली. अकरा वर्षं मी त्या गाण्याच्या अर्थावर मित्रांशी वाद घालत होतो. वाद घालताना कान बंद असतात, हे मला फार उशिरा कळलं.

याच हट्टापायी माझं एक पुस्तक गेलं, तेही सांगतो. एक प्रकाशक तयार झाले होते. त्यांना निम्मी पानं भांडणांची हवी होती. कोण कोणावर रुसलं, कुणाच्या बायकोमुळे काय झालं. गाणी तोंडी लावायला. मी नाही म्हणालो. घरचे म्हणाले, थोडं त्यांचं ऐक, थोडं तुझं घाल, एवढं काय? मी तेव्हाही नाही म्हणालो. माझी वही 'रिव्हॉल्वर'पाशी थांबली ती थांबलीच. लोकांना वाटतं, याच्याने झालं नाही म्हणून तत्त्वाची ढाल पुढे करतो. वाटू दे. प्रत्येक गाणं पंचवीस-तीस वेळा ऐकल्याशिवाय मी एक ओळ लिहिली नाही. त्या वहीतल्या नोंदी कमी आहेत, पण त्यातल्या कुठल्याही ओळीवर कुणी पोस्टकार्ड टाकलं तर मी उत्तर देऊ शकतो. तुला मात्र अर्ध्यावर थांबायची गरज नाही. तुला सगळी गाणी घरबसल्या मिळतात, जुने टेकसुद्धा. आम्ही एका रेकॉर्डसाठी पुण्याहून मुंबईला जायचो.

मराठीत कोण वाचणार, म्हणतेस. 'रिव्हॉल्वर'च्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'लव्ह यू टू'साठी एक नाव छापलंय: अनिल भागवत, तबला. ते आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कव्हर खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं होतं. ११ एप्रिल १९६६ला लंडनमध्ये ते जॉर्ज हॅरिसनबरोबर वाजवायला बसले. सतार आधी तालाशिवाय आलापासारखी फिरते आणि मग तबला सोळा मात्रांचं चक्र धरतो. इंग्रजीत हे समजवायला परिच्छेद लागतो. मराठी वाचकाला 'आलाप झाला आणि ठेका लागला' एवढं म्हटलं की पुरतं. पुढच्या वर्षी 'विदिन यू विदाउट यू'वर वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावं कव्हरवर आली नाहीत. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसन मुंबईत आला, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका चित्रपटाचं संगीत करायला. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'ची सगळी वाद्यं मुद्रित झाली. आशिष खाँ यांचा सरोद, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, पखवाज, हार्मोनियम, शहनाई. गायन नंतर लंडनला चढवलं. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघालं. बीटल्सच्या सिंगलची अख्खी वाद्यबाजू आपल्या मुंबईत झाली आणि तू त्याला दोन ओळी दिल्यास! त्यात वाद्यं "भारतीय वाद्ये" म्हणून एका शब्दात कोंबलीस. इंग्रज लेखकाने तसं केलं तर मी समजू शकतो. तुझ्या घरी हार्मोनियम आहे. सरोद थांबतो कुठे आणि शहनाई उचलते कुठे, हे तुझ्याइतकं कोण सांगणार? प्रत्येक नोंदीत 'कोण वाजवतंय' हा रकाना कर. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मध्ये बाहेरचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन. 'डिअर प्रुडन्स'मध्ये ड्रमवर पॉल, कारण रिंगो तेव्हा सोडून गेला होता. त्या रकान्यातून एकही माणूस सुटू देऊ नकोस.

वही परत पाठवतोय. खुणा केल्यात, लाल शाईने, पुष्कळ. जिथे तू खरोखर ऐकून लिहिलंयस तिथे हिरवी शाई आहे. 'रेन'मधले शेवटचे उलटे वाजणारे शब्द आणि 'इन माय लाइफ'मधला पियानो, हे तुझं आहे. अर्ध्या वेगात वाजवून टेप नंतर वेगाने पळवल्यामुळे तो हार्पसिकॉर्डसारखा टणटणतो, हे तू वाचण्याआधी ऐकलंस ना? ओळ वाचूनच कळलं. फार बरं वाटलं.

रविवारी दुपारी ये. त्याआधी एक काम कर. रात्री घर शांत झालं की हेडफोन लावून 'अ डे इन द लाइफ' ऐक. शेवटचा पियानोचा स्वरमेळ २२ फेब्रुवारी १९६७ला घेतला. तीन पियानो एकाच वेळी दाबलेत आणि तो चाळीस सेकंदांहून जास्त विझत राहतो. विझताना ध्वनिमुद्रकाने आवाज वाढवत नेला, त्यामुळे शेवटी खोलीही ऐकू येते आणि कुणाची तरी खुर्ची करकरते. मी सेकंद सांगणार नाही, कुठे वाचूही नकोस. तुला ऐकू आला तो आकडा पहिल्या पानावर लिहून आण.

तुझा,
काका