केस आज गळतायत, पण कारण तीन महिने मागे शोधा

ताई, डेंग्यू होऊन अडीच महिने झाले, आता बाथरूमच्या जाळीवर केसांचा गुंता साचतो, दोनदा शाम्पू बदलला, बोअरच्या पाण्यावर संशय आहे आणि वडिलांना टक्कल म्हणून धास्ती वाटतेय असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला तरी हे डेंग्यूचंच वाटतंय. जड पाण्यानं केस राठ होतात, पण मुळापासून असे भसाभस गळत नाहीत.

डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते आणि पुढे साधारण तीन महिने तो नुसता जागेवर राहून मग गळतो. एरवी शंभरातले दहा-पंधराच या विश्रांतीत असतात, म्हणून रोज 50 ते 100 गेले तरी जाणवत नाही. पण जोराचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट असं काही झालं की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि गळायला लागतात दोन-तीन महिन्यांनी, तोवर आपण ताप विसरलेलो असतो आणि खापर शाम्पूवर फुटतं. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. गळलेला केस उजेडात धरून बघा, टोकाला बारीक पांढरी गाठ दिसेल. ती बघून मूळच उपटलं असं वाटतं, पण मूळ आत शाबूत असतं आणि नवा केस तिथूनच येतो.

वडिलांचं टक्कल वेगळं. टेस्टोस्टेरॉन या हार्मोनपासून डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन बनतं आणि ज्यांच्या मुळांना ते सोसत नाही त्यांचा केस वाढीच्या दर फेरीला आणखी बारीक, आखूड होत जातो. डोक्याच्या मागची मुळं त्याला दाद देत नाहीत, ट्रान्सप्लांटला केस तिथूनच घेतात ते यासाठीच. बायकांमध्ये बहुतेकदा भांग रुंद होत जातो, कपाळ मागे सरकत नाही. आणि हे फक्त आईकडून येतं हे खरं नाही हं, दोन्हीकडची जीन्स असतात.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या रक्ताच्या टेस्ट मात्र करून घ्या. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही फेरिटिन कमी निघतं, विशेषतः पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर. बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनच्या) गोळ्या चालू असतील तर टेस्टआधी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचे आकडे त्यानं चुकीचे येऊ शकतात. सहा महिन्यांनंतरही गळती तशीच असेल, किंवा चाईसारखा गोल गुळगुळीत चट्टा दिसला, तर थेट त्वचारोग तज्ज्ञांकडे जा, पार्लरवाल्यांचं ऐकत बसू नका.