कुंडी जुलैसाठी भरा

ताई, फोटो पाहिले. मालवणच्या घरी पडवीच्या कट्ट्यावर तीन स्लिपर ऑर्किड, नर्सरीतून आणली तशीच कोकोपीट-गांडूळखतात. श्रावण लागला तसा दोघांचा पोंगा (मधली कोवळी पानं) तपकिरी झाला, पान ओढलं की हातात येतंय. मुळं तपकिरी दिसली म्हणून तुम्ही ती कापलीत, कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारलंत, आणि आता विचारताय की मिश्रण कुठलं घेऊ. मिश्रणाकडे येतो, पण आधी ती कात्री खाली ठेवा.

तुमच्या स्लिपर ऑर्किडची, म्हणजे पॅफिओपेडिलमची, निरोगी मुळंच तपकिरी असतात. व्हँडा ऑर्किडसारखी पांढरी-हिरवी नव्हेत. अंगावर बारीक लव, आणि टोक तेवढं पांढरट. मूळ जिवंत आहे की मेलंय हे रंगावरून नाही, चिमटीत धरून कळतं. टणक लागलं तर जिवंत. पचकन दबलं, किंवा वरची साल मोज्यासारखी सरकून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ते गेलं. या झाडाला मुळं आधीच मोजकी, आणि डेंड्रोबियमसारखं पाणी साठवणारं फुगीर खोडही नाही. नवी मुळं बहुतेक नव्या फुटव्याच्या बुडातूनच येतात. तेव्हा चांगलं मूळ कापलं की महिने वाया.

आता कुजीला नाक लावा. पान पाणी भरल्यासारखं काचेरी होऊन, एक-दोन दिवसांत काळपट-तपकिरी होत पोंग्याकडे सरकत असेल आणि घाण वास येत असेल, तर तो जिवाणू. माझ्याकडे पहिल्यांदा हा वास सुटला तेव्हा मला वाटलं मांजराने बांगड्याचं डोकं आणून टाकलंय. कट्ट्याखाली शोधत बसलो. तोवर कौलांच्या पागोळ्यांखालच्या सातातल्या पाच कुंड्या गेल्या होत्या.

वास नसेल आणि बुडाशी काळी कुज वर चढत असेल, तर फायटोप्थोरा किंवा पिथियम, हे बुरशीसारखे पण ओल्यात पसरणारे रोगजंतू. फायटोप्थोरा आपल्याकडे नवा नाही. माडाचा कोंब कुजतो, सुपारीला कोळेरोग येतो, ते याच घराण्याचे उद्योग. बुंध्याशी पांढरी जाळी आणि तिच्यावर मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. त्या कुंडीतलं सगळं मिश्रण बाहेर काढून जाळून टाका, परसातल्या खतखड्ड्यात अजिबात टाकू नका. दाणे जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात.

कार्बेन्डाझिम जिवाणूवर चालत नाही, आणि फायटोप्थोरा-पिथियमवरही चालत नाही. म्हणजे तुमच्या फवाऱ्याने झाडाला भिजवण्यापलीकडे काही केलं नाही. कोंकणात सुपारीवर बोर्डो मिश्रण मारतात ते उगाच नाही, त्यातलं तांबं दोन्हीकडे थोडंफार काम करतं. घरी दोन-चार कुंड्यांसाठी बोर्डो करत बसण्यापेक्षा कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २ ते २.५ ग्रॅम पुरे. आधी सडलेला भाग निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून काढा, दर कापाला पातं ज्योतीवर धरा. कापावर दालचिनीची पूड दाबा, पण मुळांना लावू नका, ती मुळं सुकवते. मग झाड उघडंच पंख्याखाली ठेवा, तीन-चार दिवस पाणी नाही. मधला पोंगा गेला असेल तर तो फुटवा संपला, पण शेजारचा टणक असेल तर सोडवून वेगळा करा. मी एकदा वैतागून अख्खं झाड फेकलं आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर त्याच्या बुडाला नखाएवढा हिरवा कोंब दिसला.

आता मिश्रण. पुण्या-बंगळुरूच्या लोकांचे नुस्खे वाचून मीही भरपूर फसलोय. तिथे कुंडी तीन दिवसांत सुकते. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि जुलैत वाळत घातलेलं धोतर चार दिवस ओलं राहतं. मग कोकोपीट काय सुकणार? कुज पाण्याने होते असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे मूळ गुदमरतं. बारीक चुरा पाणी धरतो, फटींतली हवा जाते, मूळ मरतं, आणि मेलेल्या मुळावर हे सगळे पाहुणे येतात. म्हणून कुंडी जुलैच्या हिशेबाने भरायची. एप्रिलमध्ये ती लवकर सुकली तर रोज सकाळी पाणी घालता येतं, पण जुलैत घातलेलं पाणी परत काढता येत नाही.

माझं मिश्रण पाच वाट्यांचं: दोन वाटे लाकडी कोळसा, दोन वाटे नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक वाटा जांभ्याची खडी. सगळं चिंचोक्याएवढं. जांभा कठीण घ्या. नखाने माती सुटते तो मऊ जांभा पहिल्या सरीतच लाल चिखल करून फटी बुजवतो. चाळा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. सोडण घरच्या माडाचं, पाऊस खाल्लेलं असलं तर उत्तम. काथ्यासाठी खाडीत कुजवलेलं असेल तर घेऊच नका, त्यात मीठ मुरलेलं असतं. घरचं सोडणही आठवडाभर पाणी बदलत भिजवा. शेवटच्या पाण्यात चिमूटभर कॅल्शियम नायट्रेट टाकलं तर तुसांत अडकलेलं सोडियम-पोटॅशियम सुटून येतं. आपल्या उष्म्यात सोडण वर्ष-दीड वर्षात भुसा होतं, त्यामुळे दिवाळीनंतर दरवर्षी बदलायचंच. गांडूळखत नको. शेणखत तर त्याहून नको.

कुंडी मातीची, लहान, शक्यतो बाजूला भोकं असलेली. खाली ताटली नको. पागोळ्यांपासून हातभर आत ठेवा. रात्री लहान पंखा चालू ठेवा, पाऊस असो नसो. पाणी सकाळीच, पोंग्यात नाही, आणि चुकून साचलंच तर कागदाच्या कोपऱ्याने टिपून घ्या. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, म्हणून पिंप भरून पावसाचं पाणी साठवा.

जातीबद्दल एक. नक्षीदार ठिपक्यांच्या पानांच्या उबदार जाती आणि मॉडिए प्रकारचे संकर इथे टिकतात. नीव्हियम, कॉन्कलरसारख्या चुनखडकावर वाढणाऱ्या जातींना मी तिसऱ्यांची शिंपलं धुऊन, ठेचून, मूठभर घालतो. बायको म्हणते आमटीपेक्षा ऑर्किडला जास्त तिसऱ्या लागतात. साधी हिरव्या पानांची इन्सिग्नी मात्र ईशान्येकडच्या डोंगरातली, तिला थंड रात्री लागतात. इथे पानं देईल, फूल क्वचितच. द्वीपकल्पात रानात सापडणारी एकमेव जात ड्रूरी, तीही अगस्त्यमलैच्या उंच डोंगरावरची, आपल्या किनाऱ्याची नाही. शिवाय पॅफिओपेडिलमच्या सगळ्याच जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहेत. 'रानातलं आहे' म्हणून कुणी स्वस्तात दिलं तर हात लावू नका.

मुळं कापलेल्या झाडांसाठी: फुटव्याचं बूड मिश्रणात सेंटिमीटरभर खाली बसवा, पोंगा वर. काडीला सैल बांधा, कारण हलणारं झाड मूळ धरत नाही. बुडाभोवती स्फॅग्नम शेवाळाचा पातळ थर, ओलसर, पिळलेला. पिशवीत बंद करायचं ते कोरड्या गावात. आपल्या श्रावणात पिशवी म्हणजे कुजीचं आवताण. खत दोन महिने नाही.

तिसरं झाड बरं दिसतंय म्हणून पाऊस सरेपर्यंत तसंच ठेवावं असं तुम्हाला कुणी तरी सांगेलच. एरवी पावसात मीही कुंडी बदलत नाही. पण ते त्याच कोकोपीटमध्ये आहे. मी आजच उपसलं असतं.