ग्लिअल पेशींवरच्या संशोधनाचा मेंदूच्या आजारांत खरंच काही उपयोग झालाय का, की सगळं उंदरांपुरतंच?

तू लिहिलंयस की न्यूरोसायन्समध्ये एमएस्सी करायचीय, ग्लियावर, म्हणजे मेंदूत न्यूरॉनला साथ देणाऱ्या पेशींवर, काम करायची इच्छा आहे, पण घरचे आणि कॉलेजातले एक सर म्हणतात ग्लिया म्हणजे मेंदूतला गोंद, त्यात काय आयुष्य घालवायचं, काम करायचं तर न्यूरॉनवर कर. आणि उपयोग झालाय का विचारतोयस. झालाय. माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा डोळा आज शाबूत आहे तो त्या गोंदावर कोणीतरी आयुष्य घातलं म्हणूनच.

आधी कबुली देते. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, एकोणीस वर्षं झाली, आणि मीही तुझ्या सरांसारखंच शिकवायचे. न्यूरॉनला चार तास, आकृती, नावं, बोर्डाला हमखास येतं म्हणून घोकंपट्टी, आणि ग्लिया एका वाक्यात उरकायची, आधार देतात, पोषण देतात, चला पुढे. वर न्यूरॉनच्या दहापट असतात हेही ठोकून द्यायचे. ते तर चूकच निघालं, ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या टीमने २००९ मध्ये मोजून दाखवलं की माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळपास तेवढ्याच इतर पेशी. किती बॅचेसना मी दहापट लिहायला लावलं देव जाणे.

तर २०१२ चे गणपती. गौरीजेवणाच्या दिवशी पंगत उठली आणि धाकटीला उचकी लागली. कोण आठवण काढतंय म्हणून आम्ही नावं घेत बसलो, माहेरची, सासरची, पार शाळेतल्या बाईंपर्यंत पोचलो. साखर झाली, श्वास रोखून झाला, पाठीत धपाटे झाले. रात्रभर थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू, पाणीसुद्धा ठरेना. अकरा दिवस चाललं हे. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, दुर्बिणीची तपासणी झाली, सगळं नॉर्मल. मग सगळं नॉर्मल म्हटल्यावर घरात जे होतं तेच झालं, तिच्या सासूबाई म्हणाल्या कामाच्या दिवसांतच बरं होतं हिला असलं काही, आणि एका डॉक्टरांनी मनावर ताण आहे म्हणून झोपेची गोळी दिली. बाराव्या दिवशी आपोआप थांबलं आणि आम्ही विसरलो. विसरलो हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

जानेवारीत डावा डोळा गेला. आधी नुसता हलवला की दुखायचा, मग लाल रंग फिका दिसायला लागला, कुंकवाची डबी एका डोळ्याने लाल आणि दुसऱ्याने विटकरी असं ती सांगायची, आणि चार दिवसांत धुकं. एमआरआय, पाच दिवस स्टिरॉइडची सलाइन, आणि निदान आलं एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. मग दिवसाआड इंटरफेरॉनचं इंजेक्शन. धाकटीचे मिस्टर ते स्वतः द्यायला शिकले, फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांशेजारी डबा असायचा, एक दिवस चुकवला नाही माणसाने. हे मी नाकारत नाही.

पण ती सुधारत नव्हती, उलट खालावत होती, आणि मी तोवर रात्री जागून वाचायला लागले होते. २०१४ च्या मार्चमध्ये मी म्हटलं पुण्याला दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवू, मला शंका येतेय हा एमएस नाही, पेशीच वेगळी आहे. त्यावर धाकटीचे मिस्टर काय म्हणाले ते आजही शब्दन्‌शब्द पाठ आहे. "ताई, एमएस म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, ही पेशी की ती पेशी, शेवटी औषध स्टिरॉइडच ना? नावाला काय करायचंय?" स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भांडलो आम्ही, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि दोघांपैकी कोणी गॅस बंद करेना. शेवटी मी गप्प बसले, कारण नवरा तो, निर्णय त्याचा. जूनमध्ये तिचे पाय गेले. कमरेखाली बधिर, लघवी अडकलेली, अँब्युलन्समधूनच पुण्याला नेलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मणक्याची फिल्म लाइटवर लावली, पाच मणक्यांइतका लांब पांढरा पट्टा होता (एमएसचे डाग साधारण छोटे असतात, एवढे लांबलचक सहसा नसतात), थोडा वेळ बघितलं आणि वळून विचारलं, हिला पूर्वी कधी खूप दिवस उचकी लागली होती का?

मी आणि धाकटी एकमेकींकडे बघतच राहिलो. अडीच-तीन डॉक्टर झाले, कोणाला आम्ही सांगितलंच नव्हतं. डोळ्याच्या डॉक्टरला उचकी कोण सांगतं?

रक्त पाठवलं, एक्यूपी४ अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. आजाराचं नाव न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एनएमओ. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, नीट वाच. एमएसमध्ये मार बसतो तो मायलिनवर, म्हणजे न्यूरॉनच्या तारांवरच्या आवरणावर, आणि ते बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिअल पेशीवर. एनएमओमध्ये पहिला बळी जातो तो दुसऱ्याच एका ग्लिअल पेशीचा, अ‍ॅस्ट्रोसाइटचा. अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाय रक्तवाहिन्यांना बिलगलेले असतात आणि त्या पायांवर पाण्याची दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन-४ नावाची, म्हणजेच एक्यूपी४. शरीर त्या दारांविरुद्धच अँटीबॉडी बनवतं, ती तिथे चिकटते, कॉम्प्लिमेंट नावाची यंत्रणा पेटते आणि अ‍ॅस्ट्रोसाइट मरतो. मायलिन त्याच्या मागून जातं. म्हणून वरवर बघता एमएससारखंच दिसतं, वर्षानुवर्षं लोक त्याला एमएसचाच प्रकार समजत होते, जपानमध्ये तर ऑप्टिकोस्पायनल एमएस असं नावच होतं. आणि उचकी? मेंदूच्या खोडात मागच्या बाजूला उलटीचं केंद्र आहे, एरिया पोस्ट्रेमा, तिथे ही पाण्याची दारं भरपूर आणि रक्त-मेंदूमधली भिंत कच्ची, म्हणून अँटीबॉडी आधी तिथेच घुसू शकते. माझी बहीण गणपतीत नाटक करत नव्हती. तिचे अ‍ॅस्ट्रोसाइट मरत होते.

आणि नाव बदलल्याने काय झालं? इंटरफेरॉन त्याच दिवशी बंद. एमएसला चालणारं हे औषध एनएमओ बिघडवू शकतं, म्हणजे आम्ही दिवसाआड प्रेमाने काय टोचत होतो बघ. मग रिटुक्सिमॅब सुरू झालं, ते अँटीबॉडी बनवणाऱ्या वंशाच्या बी पेशीच कमी करतं. त्यानंतर मोठा अटॅक नाही. डावा डोळा परत आला नाही, काठी लागते, पण उजव्या डोळ्याने ती सुईत दोरा ओवते.

आता तुझ्या सरांना हे सांग की ही अँटीबॉडी अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी डॉक्टरांबरोबर २००४ मध्ये दाखवली आणि ती अ‍ॅक्वापोरिन-४ वर बसते हे २००५ मध्ये. पण त्यांना ते कळलं कारण आधी पीटर आग्रे नावाच्या माणसाने पेशीला पाण्याची दारं असतात हे शोधलं होतं, तेही मेंदूत नाही, रक्तातल्या आरएच प्रोटीनच्या मागे असताना मध्येच दुसरंच प्रोटीन हाताला लागलं म्हणून. २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल. त्याला कोणी विचारलं असतं, याचा आजाराला उपयोग काय, तर बिचारा काय सांगणार होता.

गोंद हा शब्द १८५६ चा आहे, जर्मन डॉक्टर फिरखो यांचा. त्यांना बिचाऱ्यांना मायक्रोस्कोपमधून तेवढंच दिसत होतं. पुढे माद्रिदमध्ये रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ मध्ये मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूची राखण करणाऱ्या ग्लिया, वेगळ्या काढून दाखवल्या तर खुद्द त्यांच्या नोबेलवाल्या सरांशी, काहाल यांच्याशी, त्यांचं बिनसलं आणि त्यांना लॅब सोडावी लागली. नोबेलवाले सर चुकू शकतात, तुझेही चुकू शकतात.

बाकी आजारांचं पटकन सांगते. अल्झायमरमध्ये २०१२-१३ च्या सुमारास ट्रेम२ या जीनमधले बदल जोखीम वाढवतात हे सापडलं, आणि मेंदूत तो जीन मुख्यतः मायक्रोग्लियात चालतो, त्यामुळे सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. स्टॅनफर्डचे बेन बॅरेस, २०१७ मध्ये गेले, ते मुळात न्यूरॉलॉजिस्ट, आजारी मेंदूत ग्लिया बदललेल्या असतात आणि त्यांच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही हे बघून संशोधनात शिरले. आपल्याकडे मानेसरच्या एनबीआरसीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात, जपानी मेंदूज्वराचा विषाणू मायक्रोग्लियाला कसा भडकवतो यावर काम झालंय. तिथे अर्ज कर, बेंगळुरूच्या निमहान्सलाही कर, आणि सरांना विचारू नकोस.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं, नाहीतर कोणीतरी अंगावर येईल. मी डॉक्टर नाही. एमएस हा खरा आजार आहे आणि त्यात इंटरफेरॉनने कित्येकांचं भलं झालंय, हे वाचून कोणी आपलं इंजेक्शन बंद करू नका. साध्या उचकीला घाबरून एमआरआय करायला धावू नका, दिवसेंदिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या, वर पोटाच्या तपासण्या नॉर्मल, असं असेल तर विचारा. आजार असूनही अँटीबॉडीची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. आमच्या पहिल्या डॉक्टरांवरही मी आता तितकी चिडत नाही, उचकीबद्दल जपानी डॉक्टरांनी २००५ मध्येच लिहिलं होतं पण निदानाच्या निकषांत ती अधिकृतपणे आली २०१५ मध्ये. आणि अल्झायमरमध्ये ग्लियावर नेम धरलेलं औषध अजून पेशंटच्या हातात पडलेलं नाही, ट्रेम२ ला चालना देणारं एक औषध २०२४ मध्ये चाचणीत फेल गेलं. तेव्हा उद्या सगळे आजार बरे होतील असं सांगत फिरू नकोस.

धाकटीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, एनएमओ, एक्यूपी४ पॉझिटिव्ह, इंटरफेरॉन देऊ नये. तिच्या मिस्टरांनी त्या पानाला प्लास्टिकचं कव्हर घातलंय आणि गावाला जातानासुद्धा फाइल बरोबर नेतात. नावाला काय करायचंय हे मात्र त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही.