प्रेमकादंबरीवरून संगीत नाटक बसवायचं, तर पदं कुठे घालायची?

तुमच्या ठाण्यातल्या हौशी मंडळाला एका मराठी प्रेमकादंबरीचं संगीत नाटक करायचंय, पण कादंबरीत घटना थोड्या आणि मनातलंच फार, मग ते रंगमंचावर उभं राहील का, असं तुम्ही विचारलंय.

नक्की राहील. मनातलं फार आहे म्हणूनच ती गद्य नाटकापेक्षा संगीत नाटकाला जास्त मानवेल. नौपाड्यातल्या एका मंडळात मी बरीच वर्षं ऑर्गनची साथ करतोय, त्यावरून सांगतो. लेखक जिथे पानंच्या पानं नायिकेच्या मनात रेंगाळतो, तिथे पेन्सिलीने खुणा करा. पदांच्या, म्हणजे नाटकातल्या गाण्यांच्या, जागा त्याच. पाऊस, बागेतली भेट, वाढदिवस इथे गाणं घालायचा मोह होतो. ते गोड लागतं, पण नाटक तिथेच थांबतं.

किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'मधलं 'नच सुंदरी करू कोपा' आठवा. १८८२ सालचं नाटक, पण अजून त्याच्याकडूनच शिकावं. रुक्मिणी रुसलीय, कृष्ण तिची समजूत काढतोय, म्हणजे ते पद काहीतरी काम करतंय. तुमचं एखादं पद गाळूनही पुढचा संवाद जसाच्या तसा बोलता आला, तर ते सरळ काढून टाका, चाल कितीही सुरेख असो.

आमच्या एका नाटकात नायिकेचं न पाठवलेलं पत्र होतं, पुस्तकात चांगलं दोन पानांचं. तालमीत ती ते वाचायला लागली की मागे बसलेली मंडळी मोबाइल काढायची. शेवटी त्यातल्या चारच ओळी पदात घेतल्या. बाकीचं पत्र तिने कागदाची घडी घालता घालता बोलायचं, तबला बंद, मी खाली नुसते षड्ज-पंचम (सा आणि प) धरायचे. पत्रात ती 'तुम्ही'वरून 'तू'वर येते, तिथे पदाचा पहिला सूर. त्यानंतर त्या प्रवेशात कुणी हललं नाही.

नायक-नायिकेच्या द्वंद्वगीताची पट्टी, म्हणजे कुठला सूर 'सा' धरून गायचं, ते मात्र आधी ठरवा. तो काळी एकमध्ये (सप्तकातली पहिली काळी पट्टी 'सा' धरून) गात असेल आणि ती काळी चारमध्ये (चौथी धरून), तर फार चांगलं: त्याचा पंचम हाच तिचा षड्ज होतो, आणि कडवं बदलताना साथ न थांबवता पट्टी बदलता येते. दोघांना एकाच पट्टीत कोंबू नका, एकाचा तरी आवाज चिरकतोच.

आणि हक्कांचं आत्ताच बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. उदाहरणार्थ, कादंबरीकार ना. सी. फडके १९७८ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कोणतीही कादंबरी घ्यायची तर २०३८ संपेपर्यंत हक्कधारकांची परवानगी लागणारच. ती लेखी घ्या, त्यात 'संगीत नाट्यरूपांतर' असा स्पष्ट उल्लेख हवा, आणि पदं वेगळा कवी लिहिणार असेल तर तेही नमूद करा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही (प्रयोगाआधी संहिता तपासणारं सरकारी मंडळ) पाठवावी लागते, पदांसकट पाठवा. पदं मागाहून जोडायची म्हटलं तर बदललेली संहिता पुन्हा दाखवावी लागेल, आणि तोवर गडकरी रंगायतनची तारीख तोंडावर आलेली असेल.