गोवा ट्रान्सचा पहिला अल्बम ऐकण्याआधी

प्रिय दोस्त,

तुझं पत्र मिळालं. गोवा ट्रान्सचे, म्हणजे गोव्याच्या रात्रींत घडलेल्या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे तीन अल्बम अर्धेमुर्धे ऐकून सोडून दिलेस, सगळं एकसारखंच वाजतं म्हणतोयस. तक्रार रास्त आहे. फोनच्या स्पीकरवर आणि शफल लावून ऐकलं, हेही तू प्रामाणिकपणे लिहिलंस. निम्मी गडबड तिथेच झाली.

या संगीताचा पाया किक ड्रम, म्हणजे ठोक्याचा खोल ‘धम्म’, आणि बेस, म्हणजे खालचे खर्जातले सूर. किकचा गाभा साधारण ५० ते ६० हर्ट्झवर असतो आणि फोनचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. पाया गेला की वरची किणकिण तेवढी उरते, आणि ती पाच मिनिटांत डोकं उठवते. म्हणून कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन घे. महागडे नकोत. ॲपमधलं ‘बेस बूस्ट’ बंद ठेव, कारण त्याने बेस फुगतो आणि दोन ठोक्यांमधली मोकळी जागा बुजते. या संगीतात त्या मोकळ्या जागेलाच सगळा झोक असतो. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची सोय, शून्यावर आण, शफल बंद कर. आवाज बेताचा ठेव. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची ढोबळ मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला फक्त एक तास. अल्बम संपल्यावर कानात शीळ वाजत राहिली, तर तू फार मोठ्याने ऐकलंस.

आता लय. मिनिटाला साधारण १३५ ते १५० ठोके, आणि प्रत्येक ठोक्यावर किक. दोन किकमधल्या जागेत बहुतेक वेळा बेसचे तीन सूर बसतात, म्हणजे किक धरून सरळ चौगुन. तुला तीनताल मोजता येतो ना? मग किकला मात्रा समजून बोटांवर मोज. ३२ ठोके म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. १४० च्या गतीला ती जेमतेम चौदा सेकंदांत होतात. दोन आवर्तनं संपून सम आली की काहीतरी हललेलं असतं: एक हाय-हॅट (झांजेसारखा बारीक ठोका) आत आली, एखादी धून निघून गेली, किंवा किक क्षणभर गायब होऊन परत आली. कधी बदल चार आवर्तनांनी येतो. ‘सगळं एकसारखं’ वाटतं ते हे बदल छोटे असतात म्हणून. त्यांची जागा कळली की कान आपोआप समेची वाट बघायला लागतो, आणि ट्रान्सची गंमत त्या वाट बघण्यात आहे.

पण माझ्या मते खरं मर्म याच्याही पुढे आहे. तू चाल शोधत ऐकतोयस असं पत्रावरून दिसतं, आणि अशा अल्बमांमध्ये चालीचं बरंचसं काम आवाजाचा पोत करतो. एक नेहमीची गोष्ट जवळून सांगतो. सोळा घरांची (चौगुनीतली एक जागा म्हणजे एक घर) एक छोटी धून पुन्हा पुन्हा वाजते, त्यात सूर चार-पाचच. सुरुवातीला ती गोधडीखालून आल्यासारखी गुदमरलेली वाजते, कारण लो-पास फिल्टरचा, म्हणजे वरची कंपनं अडवणाऱ्या चाळणीचा, कटऑफ (अडवण्याची सीमा) खाली आहे आणि त्याच्या वरच्या कंपनांना दार बंद आहे. मग कटऑफचा नॉब मुंगीच्या पावलांनी वर सरकतो. जोडीला रेझोनन्स वाढवला असेल तर नेमक्या त्या सीमेवरचा अंश फुगतो आणि तोच सूर आधी ‘ऊ’, मग ‘ओ’, ‘आ’, ‘ए’ आणि शेवटी चिरका ‘ई’ म्हणायला लागतो. दोन मिनिटांत एकही सूर बदललेला नसतो आणि तरी तू कुठल्या कुठे पोचतोस. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा केसभर सरकवला की तार तीच, सूर तोच, पण आवाज उमलतो. ते ज्याला ऐकू येतं त्याला हे ऐकू यायला वेळ लागत नाही. रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेसचे सूर वाजवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र १९८१ च्या सुमारास आलं ते एकट्या वादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते फसलं, पण त्याचा हा ओला, चिरकणारा आवाज पुढे ॲसिड हाऊस या नाचाच्या संगीतप्रकाराने उचलला आणि तिथून तो गोवा ट्रान्समध्ये आला.

त्यावर प्रतिध्वनीचं गणित. १४० च्या गतीला चौगुनीचं एक घर सुमारे १०७ मिलिसेकंदांचं. डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारी सोय, बऱ्याचदा तीन घरांवर, म्हणजे ३२१ मिलिसेकंदांवर लावतात. किक चार-चार घरांनी, प्रतिध्वनी तीन-तीन घरांनी, आणि दोघांची गाठ दर बाराव्या घराला. त्यामुळे साधी धून दुप्पट विणलेली भासते. इथे तिहाईची सवय असलेल्या कानाला फार मजा येते.

स्वरांबद्दल तू विचारलंस, ‘हे ओळखीचं का वाटतं?’ कारण कोमल रे आणि कोमल ध इथे वारंवार भेटतात. पाश्चात्य वादक ज्याला फ्रिजियन म्हणतात ते आपल्या भैरवी थाटाचे स्वर. त्यात ग शुद्ध केला की बसंत मुखारीचे. आणि नीही शुद्ध केला की भैरवाचे. मात्र हे स्वर आहेत, राग नाहीत. चलन, न्यास, विस्तार यांची अपेक्षा धरू नकोस. मुखपृष्ठावरचा ॐ किंवा मध्येच आलेला संस्कृत शब्द हाही बहुतेकदा सजावटीपुरताच असतो, त्यावरून अल्बम निवडू नकोस.

गोव्याचं नातं मात्र सजावटीचं नाही. अल्बम तयार झाले ते बहुतांशी लंडन, हॅम्बुर्ग, इस्रायल, फ्रान्स, इटलीतल्या छोट्या स्टुडिओंत. पण ते घडवले गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवरच्या रात्रींनी. तिथल्या उन्हाधुळीत व्हिनाइलच्या रेकॉर्ड टिकायच्या नाहीत, म्हणून आधी कॅसेट आणि मग डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) वाजायच्या. मूळचा कॅलिफोर्नियाचा डीजे गोवा गिल (१९५१–२०२३) तर डॅटवरच अखंड लांबलचक मैफली करायचा. डॅटच्या बहुतेक यंत्रांत गती कमीजास्त करायची सोय नव्हती, त्यामुळे दोन तुकड्यांचे, म्हणजे दोन गाण्यांचे, ठोके जुळवणं जमायचं नाही. मग आधीचा तुकडा विरत असताना पुढचा हळूच आत घ्यायचा. गाण्याच्या सुरुवातीला मिनिटभर ठोकाच नसतो, नुसते वाऱ्यासारखे आवाज असतात, त्याचं एक कारण हे. ती मिनिटं पुढे ढकलू नकोस. रात्री टणक, काळोखं संगीत आणि उजाडल्यावर सुरेल, हा क्रमही तिथलाच, आणि कितीतरी अल्बम त्याच क्रमाने रचलेले सापडतील.

आता कुठून सुरुवात करायची. ॲस्ट्रल प्रोजेक्शनचा ‘डान्सिंग गॅलेक्सी’ (१९९७) आधी घे. त्यात धून ठळक आहे, त्यामुळे नवखा कान हरवत नाही. शेवटच्या तुकड्याच्या नावात ‘डिस्को व्हॅली’ येतं, ती जागा वागातोरची. मग हॅल्युसिनोजेन म्हणजे सायमन पॉसफर्डचा ‘ट्विस्टेड’ (१९९५). फिल्टरबद्दल वर जे लिहिलं ते इथे कळसाला पोचलेलं आहे; प्रत्येक आवाज लवलवता आणि तरी जागच्या जागी. प्लेयाडियन्सचा ‘आय.एफ.ओ.’ (१९९७) शेवटी ठेव. त्यांचं नाव कृत्तिकांवरून, आणि ‘माया’, ‘टायगेटा’, ‘इलेक्ट्रा’ या तुकड्यांची नावंही त्याच पुंजातली. विणकाम इतकं दाट की पहिल्या दिवशी नुसता गोंगाट वाटेल, आणि तीन आठवड्यांनी तोच अल्बम सोडवणार नाही. सुरेलपणाचा कंटाळा आला तर एक्स-ड्रीमचा ‘रेडिओ’ (१९९८) आहे, रुक्ष आणि अंधारा. नव्या पिढीतलं हवं असेल तर फिल्टेरियाचा ‘स्काय इनपुट’ (२००४) आणि खेत्झालचा ‘कोरोल’ (२००५), दोन्ही बेल्जियमच्या सनट्रिप या रेकॉर्ड कंपनीचे. जुने अल्बम शक्यतो मूळ सीडीच्या प्रतीवरून ऐक. काही नव्या आवृत्त्यांत सगळं सारख्याच मोठ्या आवाजाला दाबलेलं असतं, आणि मग उतार-चढाव सपाट होतात.

‘सायकेडेलिक म्हणजे काही घ्यावं लागतं का’, हेही तू विचारलंस. नाही. ज्या कानाने ३२ ठोके मोजायचे आणि केसभर सरकणारा कटऑफ पकडायचा, तो शुद्धीवरच हवा. पार्ट्यांत जे विकतात त्यात नेमकं काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि तो गुन्हा आहे तो आहेच. त्या वाटेला जाऊ नकोस.

या आठवड्यात एवढंच कर. ‘डान्सिंग गॅलेक्सी’तला एकच तुकडा तीनदा ऐक: एकदा फक्त बेस, एकदा फक्त सर्वात वरची धून, आणि तिसऱ्यांदा मधला तो एक आवाज, जो बंद असतो आणि हळूहळू उघडतो. तो कितव्या मिनिटाला पूर्ण उघडला, ते मला लिहून पाठव.