सात महिन्यांचा बोका अचानक गादीवर शू करायला लागलाय. लिटर बॉक्सची सवय परत कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की बोका आणि त्याची बहीण दोघंही सात महिन्यांचे आहेत, घराबाहेर जात नाहीत आणि नसबंदी अजून झालेली नाही. बॉक्स एकच, झाकणाचा, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी. घरचे म्हणतात, तो मुद्दाम करतो. ते आधी डोक्यातून काढून टाका. मांजर सूड म्हणून शू करत नाही. त्याला त्रास होतोय किंवा बॉक्स नकोसा झालाय, एवढंच ते सांगत असतं.

आजच एक गोष्ट बघा. तो सारखा बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय का, थेंबभरच होतेय का, ओरडतोय का, खाली सतत चाटतोय का, शूत रक्त दिसतंय का? यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. शू अजिबात होतच नसेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं, आणि पुष्कळ लोक त्याला बद्धकोष्ठ समजून थांबतात.

तो शू कशी करतो तेही नीट बघा. उभ्याने, शेपटी ताठ करून थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर मारत असेल तर ते हद्द आखणं आहे. बहुतेक बोक्यांचं ते नसबंदीनंतर थांबतं किंवा खूप कमी होतं. तुमच्याकडे तो गादीवर खाली बसून भरपूर शू करतोय, म्हणजे मला संशय बॉक्सचाच येतो. पण नसबंदी दोघांचीही लवकर करा. या वयात मांजरी गाभण राहू शकते, आणि भाऊ-बहीण हे नातं मांजरांत आड येत नाही.

आता बॉक्स. मशीन स्पिनवर असताना बाल्कनीत पाच मिनिटं उभं राहून बघा, म्हणजे त्याला काय वाटत असेल ते कळेल. ऐन शू करताना एकदा जरी तो धडधडाट झाला असेल, तरी कोवळ्या वयाचं मांजर ती जागा टाकू शकतं. झाकण असलं की वास आत कोंडतो आणि बाहेर पडायची वाट एकच उरते. त्यात या वयाची भावंडं दबा धरून एकमेकांवर झडप घालतात. बहीण दाराशी टपून बसत असेल तर तो आत जाईलच कशाला?

म्हणून झाकण काढा आणि बॉक्स वाढवा. मांजरं जितकी त्याहून एक जास्त, म्हणजे तुम्हाला तीन. वन बीएचकेत तेवढे जमत नसतील तर किमान दोन, पण वेगवेगळ्या जागी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन बॉक्स मांजराच्या लेखी एकच. खाण्या-पिण्याच्या भांड्यांपासूनही ते लांब हवेत. दुकानातले बॉक्स बहुधा लहान पडतात. कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या, एक बाजू कापून खाली करा आणि कड घासून गुळगुळीत करा. मांजराच्या लांबीच्या दीडपट जागा मिळाली की ते आत सहज वळतं.

लिटरबद्दल, म्हणजे बॉक्समध्ये भरायच्या मातीबिती‌बद्दल, मात्र मी त्याचंच मत घेईन. काठावर पाय ठेवून तोल सांभाळणं, पंजे झटकणं, लिटरऐवजी टबाची भिंत खरवडणं, झाकायच्या आधीच उडी मारून पळणं ही सगळी लिटर आवडत नसल्याची लक्षणं. लाकडी पेलेट्स (भुशाच्या दाबलेल्या कांड्यांचं लिटर) पंजाला टोचतात म्हणून गादीसारखी मऊ जागा शोधणारी मांजरं मी पाहिली आहेत. एका टबात सध्याचं ठेवा, दुसऱ्यात बारीक, बिनवासाचं, ओलं झालं की गोळे होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर पाचेक सेंटिमीटर भरा. आठवडाभरात तोच निवडेल. सुगंधी लिटर आपल्या नाकासाठी असतं, त्याच्या नाही. गोळे सकाळ-संध्याकाळ काढा. पावसाळ्यात टब बाल्कनीत नकोच, ओलाव्याने लिटरचा चिखल होतो.

गादीचा वास गेला नाही तर तो परत तिथेच जाणार. आधी जुन्या टॉवेलने दाबून ओल टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानातलं एन्झाइम क्लीनर आतपर्यंत मुरेल इतकं ओता आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या. साबणाने वास गेल्यासारखा वाटतो, पण युरिक ॲसिडचे स्फटिक मागे राहतात आणि दमट हवेत वास परत येतो. जुने डाग सापडत नसतील तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा, चमकतात.

फिनाईल मात्र घरातून हद्दपार करा. पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ होतं अशी बरीचशी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. फिनॉल पचवून बाहेर टाकण्याची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते, आणि पुसलेल्या फरशीवर चालून ते पंजे चाटतं.

रागावू नका, नाक घासू नका. त्याने तो लपून करायला शिकेल, एवढंच. बेडरूमचं दार काही दिवस बंद ठेवा, गादीला वॉटरप्रूफ कव्हर घाला. डॉक्टरांनी तब्येत ठीक सांगूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्याला एका खोलीत टब, पाणी, अंथरूण आणि तुमच्या सोबतीसह थोडे दिवस ठेवा. नियमित टबात जायला लागला की मग एकेक खोली उघडा.